यंदापुरतं

२६ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. गळ्यात ओळखपत्र: टीगन हॉल्ड्सवर्थ, परवाना सहायक, विद्यापीठ ग्रंथालय. फोटोत मी पकडून आणल्यासारखी दिसते, पण नाव सरळ छापलंय.

संध्याकाळी चिप्स खाताना आईने विचारलं, म्हणजे नक्की काय करतेस. मी सांगितलं: कुठल्याही पुस्तकातलं एक प्रकरण किंवा एकूण पानांचा दहावा भाग, यांतलं जे मोठं असेल तेवढंच आम्हाला स्कॅन करून विद्यार्थ्यांना देता येतं. त्यासाठी विद्यापीठाने परवाना घेतलेला असतो. टीव्हीवरचा कार्यक्रम वर्गासाठी उतरवून घेतला, तर त्याच्या सुरुवातीला वाहिनी, तारीख आणि परवान्याचं नाव लिहावं लागतं. कुणी काय उतरवलं, त्याची दरवर्षी यादी जाते. ही सगळी नोंद मी ठेवायची.

आई म्हणाली, "म्हणजे तू झेरॉक्सची पोलीस."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं. पण मला ते पोलिसी काम वाटत नाही. कुठेतरी कुणी बाई दहा वर्षं खपून पुस्तक लिहिते आणि आमच्यासारख्या टोकाच्या गावात कुणी त्यातलं प्रकरण वापरतं, तेव्हा तिची परवानगी आहे ना हे बघणारं कुणीतरी हवं. ते मी आहे. आमच्या घरात आजवर कुणाच्या कामाला असं वजन नव्हतं. आई बावीस वर्षं फिश फिंगरच्या कारखान्यात लाइनवर उभी आहे, बाबा गोठवलेले मासे ट्रकने दक्षिणेला नेतात. कामात "परवानगी आहे का" असं त्यांना कधी कुणी विचारलं नसेल.

१२ ऑक्टोबर, बुधवार

आज डॉ. ब्रॅमॉलना अडवावं लागलं. एकाच पुस्तकातली दोन प्रकरणं स्कॅन करून हवी होती. मी म्हणाले, एकच देता येईल, दोन मिळून दहाव्या भागाहून जास्त होतात. म्हणताना माझे कान गरम झाले. कारण पदवीआधीच्या पायाभूत वर्षाला मला गणित त्यांनीच शिकवलं. शाळेत दोनदा नापास झालेल्या मला त्यांनी पदवीच्या दारात नेऊन सोडलं. त्या वर्षी त्या नसत्या, तर मी आज आईच्या शेजारी उभी राहून खोकी चिकटवत असते.

त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. दुसरं मी फळ्यावर लिहीन. आणि आता मला नोरीन म्हण, आपण एकाच छपराखाली पगार घेतो."

मी आईबद्दल सांगितलं, तिचं मनगट दुखतं, कदाचित ऑपरेशन लागेल. त्यांच्या उजव्या हाताचा कंप मात्र आता लपत नाही. कप दोन्ही हातांनी धरतात. चार वर्षांपासून आहे, म्हणाल्या, आणि लगेच विषय बदलला.

२० ऑक्टोबर, गुरुवार

आज एक गोष्ट केली. ती नीट लिहून ठेवते.

आपले तास रेकॉर्ड करायचे की नाही, हे इथे शिक्षकाने ठरवायचं असतं. शिकवणं हे त्याचं सादरीकरण, त्यावर हक्क त्याचा. विद्यापीठाला ते हवं असेल तर शिक्षकाने फॉर्मवर सही करून परवाना द्यावा लागतो. फॉर्मवर दोन चौकोन आहेत. 'अ' म्हणजे फक्त या वर्षापुरतं, शिक्षक शिकवत असताना पूरक म्हणून. 'ब' म्हणजे कायमचं, मागे न घेता येणारं, विद्यापीठाला योग्य वाटेल त्या कामासाठी.

नोरीनना मीच राजी केलं. आईच्या लाइनवरचा दारिउश त्यांच्या वर्गात आहे. चौतीस वर्षांचा, पोलंडमध्ये वेल्डर होता, त्याला अभियंता व्हायचंय. पाळी बदलली की त्याचा गुरुवारचा तास बुडतो. मी म्हणाले, अशांसाठी रेकॉर्डिंग हवं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आण तुझा कागद.

सही त्यांनी केली. वेळ लागला, पण त्यांचीच सही. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. "ते चौकोन मला फार बारीक पडतात. खूण तू कर. यंदापुरतं."

'अ'ची सगळी रेकॉर्डिंग एकतीस जुलैला पुसली जातात. हे त्यांना माहीत नव्हतं, असं मला वाटतं. बावीस तास रेकॉर्ड करायचे आणि उन्हाळ्यात पुसून टाकायचे? पुढच्या वर्षीही कुणी दारिउश असेलच. आणि त्यांचा हात असाच वाढत गेला तर? तेव्हा त्याच म्हणतील, बरं झालं ठेवलं.

मी 'ब'वर खूण केली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

सांगेन त्यांना. योग्य वेळ बघून.

९ नोव्हेंबर, बुधवार

सातवा तास रेकॉर्ड झाला. रिकाम्या खोलीत करतो. भरलेल्या वर्गात केलं तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या आवाजासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. ही युक्ती माझी. आमचे प्रमुख ॲड्रियन म्हणाले, टीगन, तुझ्याआधी हे कुणाला सुचलं नव्हतं.

नोरीनना मात्र रिकाम्या खोलीत बोलता येत नाही. म्हणून मी समोर बसते. त्यांची पद्धत अजून तीच: प्रत्येक तासाला मुद्दाम एक चूक करतात आणि कुणीतरी थांबवेपर्यंत पुढे जात राहतात. आज फळ्यावर लिहिलं, क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष. दोन्ही बाजूंना क्षने भागलं. उत्तर पाच. आणि खडू खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हणाले, "थांबा. क्ष शून्य असला तर?"

"तर काय?"

"शून्याने भागता येत नाही. शून्य हेही उत्तर आहे, ते तुम्ही हरवलं."

त्या खूश झाल्या. मग त्यांनी सात-आठ मिनिटं समजावलं, शून्य कसं गुपचूप निसटतं ते. असं सुंदर समजावलं की मी पुन्हा त्यांची विद्यार्थिनी झाले.

मग लक्षात आलं: माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि माझ्या आवाजाचा परवाना नाही. नियम इतरांना लावायचा आणि आपल्याला नाही, हे बरं नाही. संकलन करणाऱ्यांना मी चिठ्ठी पाठवली: सातही तासांतला सहायकाचा आवाज काढावा, आणि पुढच्या सगळ्यांतलाही.

१६ डिसेंबर, शुक्रवार

कायम झाले. ॲड्रियननी स्वतः बोलावून सांगितलं. वर चॉकलेटचा डबा दिला.

गेल्या आठवड्यात त्यांनी 'ब'चे सगळे फॉर्म कोणाचे, याची यादी मागितली होती. बहुतेकांचे एक-दोन तास निघाले. संपूर्ण विषय फक्त नोरीनचा. ॲड्रियननी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "हे सोनं आहे. नववर्षानंतर वरच्यांपुढे ठेवतो." नोरीनचा असा मान होतोय हे ऐकून मला फार बरं वाटलं.

घरी बाबांनी हॅडॉक मासा आणि चिप्स आणल्या, आईने शेजारणीला हाक मारून सांगितलं. शेजारीण म्हणाली, आता आम्हाला ओळख दाखवशील ना. आई म्हणाली, ती सगळ्यांनाच ओळखपत्र दाखवते.

नोरीनना 'ब'चं सांगायचं राहिलंच. आता सुटीनंतर.

१७ जानेवारी, मंगळवार

पायाभूत गणिताची जागा रद्द होतेय. नोरीनना पत्र आलं. शेवटचा दिवस एकतीस मार्च. त्यांना अजून चार वर्षं शिकवायचं होतं. हात चालेल तोवर, असं त्या म्हणायच्या.

पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. लिहिलंय: "अभ्यासक्रम उपलब्ध सामग्रीच्या आधारे चालू राहील."

मी संतापले. म्हणाले, कसली उपलब्ध सामग्री, एका पुस्तकातलं एक प्रकरण? त्यावर का वर्ग चालतो?

नोरीननी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. घडी नीट पडेना. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाल्या, राहू दे.

१९ जानेवारी, गुरुवार

कळलं.

आज सामग्रीची यादी माझ्याकडेच आली, परवाने तपासून द्यायला. पायाभूत गणित: बावीस तास, परवाना 'ब', कायम.

स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. परत येऊन यादीवर "तपासलं" असा शिक्का मारला, कारण ॲड्रियन उभे होते.

१ फेब्रुवारी, बुधवार

संप. पहाटे नदीवरून धुकं आलं होतं, फाटकापाशी उभे असलेले शिक्षक अर्धेच दिसत होते. नोरीन घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर पांघरूण. मी आत जाणाऱ्यांत होते. कायम होऊन दीड महिनाच झाला, म्हणून गेले. दुसरं काही कारण नाही.

फाटकापाशी त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं, "आत माझा तास चालू आहे म्हणे. पडद्यावर. कुणी थांबवलं का ग मला?"

मी म्हणाले, माहीत नाही.

शेजारचा युनियनवाला म्हणाला, "बाई इथे थंडीत बसून संप करतायत आणि आत स्वतःच स्वतःचा संप फोडतायत." सगळे हसले. नोरीनही हसल्या. मी आत गेले. वर्गाच्या दाराच्या काचेतून बघितलं: एकतीस जण मान खाली घालून लिहून घेत होते. पडद्यावर नोरीन बोलत होत्या. कुणी काही म्हणत नव्हतं. पडद्याला काय म्हणणार?

८ फेब्रुवारी, बुधवार

आठवडाभर धीर गोळा केला आणि ॲड्रियनकडे गेले. म्हणाले, नोरीनना परवाना मागे घ्यायचा असेल तर?

त्यांनी फॉर्मची प्रत उघडली. गोड बोलत होते. 'ब' मागे घेता येत नाही, हे तुझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार. मी म्हणाले, पण त्यांना तेव्हा नीट कळलं नसेल तर. ते म्हणाले, सही त्यांची आहे, खूण त्यांची आहे, डॉक्टरेट झालेली बाई आहे.

मग त्यांनी चष्मा काढला. "खूण त्यांचीच आहे ना, टीगन?"

हा प्रश्न विचारताना ते माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होते. दार बंद आहे ना, हे बघत असावेत.

मी "हो" म्हणाले.

हे इथे लिहिलं, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. हो म्हणाले. एक अक्षर. जागा गेली तर आईला काय सांगू, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ती मनगटाला पट्टा बांधून लाइनवर उभी राहते आणि सगळ्यांना सांगते, माझी मुलगी विद्यापीठात असते.

परत येऊन टेबलाशी बसले आणि एका शिक्षकाला लांबलचक उत्तर लिहिलं, की सव्वा प्रकरण म्हणजे एक प्रकरण नव्हे.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षेचा निकाल. एकतीसपैकी एकोणीस जणांची एकच चूक. क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष, उत्तर पाच. संपाच्या दिवशी पडद्यावर झालेल्या तासातलंच उदाहरण; शून्य त्यांच्यापैकी कुणीच लिहिलेलं नाही.

दारिउश आईबरोबरच घरी आला. वही घेऊन. खुर्चीवर बसेना, अंगाला मासळीचा वास येतो म्हणे. मी म्हणाले, या घरात तो वास आधीपासून आहे, बस. त्याने वही उघडली. पडद्यावरून उतरवून घेतलेली प्रत्येक ओळ, पट्टीने आखलेली. सकाळी सहाला पाळी संपल्यावर बघून लिहिलेली.

"मी तीन वेळा बघितलं," तो म्हणाला. "बाईंनी असंच केलंय. मग माझं चूक कसं?"

मी रेकॉर्डिंग लावलं. नोरीन दोन्ही बाजूंना भागतात. उत्तर पाच. खडू खाली ठेवतात, कॅमेऱ्याच्या बाजूला बघतात. आणि लगेच पुढचं उदाहरण सुरू. मधली सात-आठ मिनिटं नाहीत. माझा आवाज काढायचा होता, म्हणून माझ्या "थांबा"पासून पुढचं सगळं बोलणं कापलंय. बाकीचे तास भराभर बघितले. जिथे जिथे मी थांबवलं होतं, तिथे तिथे फक्त चूक शिल्लक आहे.

मी दारिउशला सांगितलं, चूक तुझी नाही. त्याने विचारलं, मग कुणाची? आई आमच्या दोघांकडे बघत होती. मी म्हणाले, कापणाऱ्यांची.

तो गेल्यावर आई म्हणाली, "तुझं तोंड का उतरलंय? नापास तो झालाय."

२१ मार्च, मंगळवार

नोरीनच्या अपिलाची सुनावणी. ॲड्रियननी मला मूळ फॉर्म घेऊन यायला सांगितलं होतं. मी पिशवीतून तो टेबलावर ठेवला आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसले.

युनियनवाल्याचा मुद्दा सरळ होता. रेकॉर्डिंग आहेत म्हणून जागा रद्द झाली. रेकॉर्डिंग वापरायची नसतील, तर शिकवायला माणूस लागेल. म्हणून सगळं त्या चौकोनावर अडलं. त्याने नोरीनना विचारलं, "ही खूण तुम्ही केली का?"

नोरीननी चष्मा लावला. फॉर्म जवळ घेतला, कागद थरथरत होता. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून खोलीभर नजर फिरवली, माझ्यापर्यंत आली, पुढे गेली.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या. "केली असेल."

युनियनवाल्याने पेन टेबलावर टाकलं. अध्यक्षबाईंनी हळू आवाजात विचारलं, अलीकडे असं विसरायला होतं का. नोरीन म्हणाल्या, होत असेल. त्यांनी ते लिहून घेतलं.

देवाची कृपा, त्यांना आठवत नाही.  नंतर वाईटही वाटलं, कारण एकेकाळी त्या वर्गातल्या प्रत्येकाचे गुण तोंडपाठ सांगायच्या. आजार माणसाचं काय काय नेतो.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, मँडीच्या मनगटाचं ऑपरेशन झालं का. उजवंच ना? मी म्हणाले, मे महिन्यात आहे. आईचं नाव मी त्यांना कधी सांगितलं होतं तेही मला आठवेना.

२४ मार्च, शुक्रवार

अपील फेटाळलं. निर्णयाची प्रत फॉर्मला जोडून ठेवायला माझ्याकडे आली. त्यात एक वाक्य जास्तीचं आहे: डॉ. ब्रॅमॉल यांची स्मरणशक्ती आणि प्रकृती पाहता यापुढे त्यांना तासिका तत्त्वावरही नेमू नये.

माझ्या "हो"मुळे त्या आता कागदोपत्री विसराळू झाल्या आहेत. कुठल्याही विद्यापीठात हे पान त्यांच्याआधी पोचेल.

मी ते पान जोडलं. आमच्या नियमाप्रमाणे डाव्या कोपऱ्यात.



२६ मार्च, रविवार

नोरीनकडे गेले. बसने, मग चालत. दार उघडून त्या म्हणाल्या, ये, चहा तू कर, मी सांडते.

मी कोटही काढला नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खूण माझी. तुम्ही "यंदापुरतं" म्हणाला होतात. मी मुद्दाम 'ब' केलं, आणि ॲड्रियनना खोटं सांगितलं. आवाज काढायची चिठ्ठीही माझी. बोलताना मला वाटत होतं, त्यांना धक्का बसेल.

त्या म्हणाल्या, "अशी सरळ बारीक रेघ मी चार वर्षांत मारलेली नाही, टीगन. कागद बघितल्या बघितल्या कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस." त्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले, कंप थांबवायला. "सव्वीस वर्षं हा वर्ग घेतला. त्यातून बाहेर पडून याच इमारतीत टेबल मिळालेली माणसं किती, माहीत आहे? एक. मी एकसष्ट वर्षांची. म्हटलं, जायचंच तर मी जाते."

मला रडू आलं. म्हणाले, उद्या जाऊन सगळं लिहून देते, तुमची जागा परत मिळेल. त्यांचा आवाज एकदम चढला. इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता.

"बघ. परत तेच. मला विचारलंस? तेव्हा मी यंदापुरतं म्हटलं, तुला वाटलं मला जास्त हवं असेल. आता मी गप्प बसायचं ठरवलं, तर तुला वाटतं मला बोलायचं असेल. माझ्या वतीने ठरवायची तुला सवयच लागलीय."

केटल उकळून आपोआप बंद झाली. मी कपांत पाणी ओतलं. मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

 चहा झाला, थंड झाला. शेवटी म्हणाल्या, "मला विसराळू म्हणून मरायचं नाही. ते पान लिहिलं जाईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. आणि त्या एकोणीस जणांना शून्य परत द्यायचंय. बाकी जागेचं काही होणार नाही, भ्रमात राहू नकोस. ते दुसरा रस्ता काढतील."

"मग लिहून देऊ?"

"ते तुझं आहे. त्यात मी हो पण म्हणणार नाही, नको पण म्हणणार नाही."

बसमध्ये सगळा वेळ मला त्यांचा राग येत होता. सोपं करून द्यायला काय झालं होतं त्यांना?

२७ मार्च, सोमवार

लिहून दिलं. सात ओळी. आधी दीड पान लिहिलं होतं, त्यात माझे हेतू होते. ते काढले.

ॲड्रियननी वाचलं. म्हणाले, हे मी वाचलंच नाही असं समजून तू परत घेऊन जाऊ शकतेस. मी म्हणाले, एक प्रत युनियनकडे दिली आहे. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे चॉकलेट देणाऱ्या माणसासारखं बघितलं नाही. "म्हणजे आठ फेब्रुवारीला तू माझ्याशी खोटं बोललीस."

हो, म्हणाले. तेव्हा मी दाराकडे बघत होतो, हेही त्यात लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं नाही. नाही लिहिलेलं. ते मला सिद्ध करता येणार नाही.

३१ मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस नोरीनचा असणार होता. माझा झाला.

झालं ते असं. परवाना अवैध ठरला. विसरण्याचं वाक्य निर्णयातून काढलं. दुरुस्त पान मी स्वतः जोडलं आणि जुनं फाडलं, दोनदा. जूनच्या परीक्षेपर्यंत वर्गाला माणूस हवा, म्हणून नोरीनना जूनअखेरपर्यंत ठेवलंय. त्यानंतर पायाभूत वर्षच बंद. त्या म्हणाल्या होत्या तसाच दुसरा रस्ता निघाला.

आणि ज्या रेकॉर्डिंगला परवाना नाही ते ठेवता येत नाही. ते पुसणं परवाना सहायकाचं काम. साडेतीनला ओळखपत्र जमा करायचं होतं, त्याआधी हे.

बावीस तास. प्रत्येकाला यंत्र विचारतं, कायमचं पुसायचं का. मी आवाज बंद ठेवून बसले होते. बाराव्या तासाला नोरीनच्या स्वेटरवर खडूचा पंजा उमटलेला दिसतो, ते मला रेकॉर्ड करताना दिसलं नव्हतं. पुसलं. यांत कितीतरी तास चांगले होते, चूक वगळून. दारिउशची पाळी पुढच्या महिन्यात गुरुवारीच आहे. त्याला नोरीनसमोर बसता येणार नाही आणि पडदाही नाही. ज्याच्यासाठी म्हणून सुरू केलं होतं, त्याच्याच हातातून सगळं काढून घेतलं.

नोरीनचा निरोप नाही. जिन्यात भेटल्या तेव्हा मान हलवली आणि वर गेल्या, एका हाताने कठडा धरून. वर्ग भरला होता. दार लागलं, आतून कुणीतरी मोठ्याने काहीतरी म्हणालं, ते मला ऐकू आलं नाही.

घरी आले तेव्हा आई पाळीवरून नुकतीच आली होती, पायात अजून पांढरे बूट. मी उभ्यानेच सांगितलं. खूण, खोटं, दारिउश, सगळं.  संपल्यावर तिने विचारलं, "पदवी परत मागतायत का?"

"नाही."

"नक्की?"

"तसा नियम नाही, आई."

तिने बूट काढले, एकात एक घालून दाराशी ठेवले. दारिउशला काय सांगायचं, म्हणाली. मी म्हणाले, त्याला मी सांगेन. मग रविवारी सकाळी त्याच्याकडे जाऊन शिकवेन, त्याला चालत असेल तर. आई म्हणाली, चालतंय का ते त्यालाच विचार.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. सोमवारपासून खोक्यांच्या लाइनवर माणूस हवंय. "मी बोलू का तुझ्यासाठी? की तुझं तू बोलतेस?"

"माझं मी बोलते," मी म्हणाले.